अंबरनाथच्या देवळावर ऑर्केस्ट्रासाठी पीस लिहितेय, सहा महिने अडकलेय

मंद्रसप्तक:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी घोडबंदर रोडला राहते, दिवसा ऐरोलीला आयटीत आणि रात्री ओटा आवरून झाला की लॅपटॉपवर म्युझिक. लहानपणी पेटी शिकले, मग पियानोच्या परीक्षा अर्ध्यावर सोडल्या आणि गेली चारेक वर्षं ऑर्केस्ट्रासाठी लिहायचा नाद लागलाय. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत चकचकीत कोटवाला निवेदक येऊन टाळ्या कमी पडतायत म्हणतो तो नव्हे, व्हायोलिन चेलो हॉर्न बासरीवाला, पन्नाससाठ जणांचा. माझे पन्नाससाठ जण अर्थात हार्डडिस्कवर राहतात.

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. शाळेच्या सहलीत एकदा गेले होते तेव्हा डबा आणि माकडं एवढंच लक्षात राहिलेलं. या वेळी पाऊस नुकताच थांबलेला, काळा दगड ओला, आणि त्या भिंतीला सरळ अशी जागाच नाही, कोपऱ्यातून कोपरा निघतो, त्यातून परत कोपरा. घरी आले आणि ठरवलं यावर बारा मिनिटांचा पीस करायचा.

मग मी काय केलं, तर मोजलं. खालचे थर मोजले, एका बाजूचे कोन मोजले, पायऱ्या मोजल्या, सगळं एक्सेलमध्ये टाकलं आणि आकड्यांवरून ताल आणि सुरांमधली अंतरं काढली. खालच्या हत्तींच्या रांगेला चेलो, वर देवादिकांच्या मूर्तींना लाकडी फुंकवाद्यं, शिखराला व्हायोलिन. कागदावर इतकं सुंदर दिसतंय ना. आणि ऐकायला ते एक्सेलच वाटतंय. कुठे चुकतंय सांगा.

नौपाडाकर:

ताई, राग मानू नका. अंबरनाथचं देऊळ आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. नाव झाकून ऐकवलंत तर मला ते मुलुंड चेकनाक्याचं ट्रॅफिकसुद्धा वाटू शकतं. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत आकडे मोजले, एकदाही गाणं झालं नाही.

चौथी_सीट:

काका सुटलेत आज 😂 पण पॉइंट आहे. बाय द वे, वास्तुकला म्हणजे गोठलेलं संगीत वगैरे वाक्य कोणीतरी टाकणारच आहे, प्लीज टाकू नका, वैताग आलाय त्याचा.

काळापाषाण:

मी ते वाक्य टाकायलाच आलो होतो, खोडलं. 🙂

आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींचं काम करतो म्हणून थोडं बोलतो. मंद्रसप्तक, तू बाहेरून भिंत मोजलीस पण देवळाचं डोकं कसं चालतं ते बघितलंच नाहीस. देवळात कोरलेला लेख आहे, शक ९८२ म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. तेव्हा ठाण्याला श्रीस्थानक म्हणायचे, म्हणजे हे आपल्याच राजांचं काम म्हणायला हरकत नाही. शैली भूमिज. सिन्नरचं गोंदेश्वर बघितलं असशील तर तीच जात.

भूमिज म्हणजे काय तर शिखराच्या चार बाजूंना चार उभ्या पट्ट्या खालून वर निमुळत्या होत जातात, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधली जागा छोट्या छोट्या शिखरांनी भरलेली, आडव्या रांगा आणि उभ्या रांगा, माळेत मणी ओवावेत तशी. आणि ते प्रत्येक छोटं शिखर म्हणजे मोठ्या शिखराचीच नक्कल, वरच्या रांगेत गेलं की तेच अजून लहान. म्हणजे शिखर सजवलेलं नाहीये, ते स्वतःच्याच लहान लहान प्रतींनी बनलंय. तू आकडे काढत बसलीस आणि हे नातं सुटलं.

अजून एक. तू म्हणतेस हत्तींच्या रांगेला चेलो. त्याला गजथर म्हणतात. चेलोची ती ओळ लिहिलीस की कॉपीपेस्ट केलीस?

मंद्रसप्तक:

... कॉपीपेस्ट. बत्तीस वेळा. 🙈

काळापाषाण:

वाटलंच. १०६० साली कॉपीपेस्ट नव्हतं. लांबून ती रांग एकसारखी दिसते, जवळ जाऊन बघ, एकाची सोंड जरा जास्त वळलेली, एकाचं गंडस्थळ झिजून गुळगुळीत, एकाचं तोंडच गेलंय. काही पाथरवटाच्या हातामुळे, काही साडेनऊशे पावसाळ्यांमुळे.

तिहाईवाला:

डोंबिवलीहून तबलजी. भूमिजचं वर्णन वाचलं आणि खुर्चीतून उठलो राव. हे तर आपण रोज करतो. एक बोल घ्यायचा, ठाय म्हणजे संथ लयीत वाजवायचा, मग तोच दुगुन, दुप्पट वेगाने, मग चौगुन, चौपट, बोल तोच पण जागा अर्धी, मग पाव. खालच्या रांगेतलं मोठं शिखर म्हणजे ठाय, वरचं दुगुन, त्याच्या वरचं चौगुन. आणि ऑर्केस्ट्रात तुला सोय आहे की तिन्ही एकाच वेळी वाजू शकतात, चेलो ठायमध्ये, व्हिओला दुगुनमध्ये, व्हायोलिन चौगुनमध्ये, सगळ्यांचा बोल एकच आणि सम एकत्र. आम्हाला दोनच हात.

आणि कायदा, म्हणजे तबल्यातली ती मूळ बोलांची रचना, असा घे की जो चौगुनमध्येही ओळखू येईल, नाहीतर वर नुसती खिचडी होते.

चौथी_सीट:

पण मग हे ऐकणाऱ्याला कळेल का हा प्रश्न राहतोच ना. मी कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा बाहेर लटकत बसून ऐकणार, मला ठाय काय नि दुगुन काय.

मंद्रसप्तक:

हाच प्रश्न मला खातोय, आणि गंमत म्हणजे हा सहाशे वर्षं जुना प्रश्न आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीने तो प्रचंड घुमट बांधला, २५ मार्च १४३६ ला पोपच्या हस्ते त्या चर्चचा समारंभ झाला आणि त्यासाठी द्युफे नावाच्या संगीतकाराने खास रचना केली. त्या रचनेच्या चार भागांतल्या लयीचं प्रमाण ६:४:२:३ आहे. १९७३ मध्ये चार्ल्स वॉरन नावाच्या अभ्यासकाने लिहिलं की हे प्रमाण त्या कॅथेड्रलच्याच मापांवरून घेतलंय. सगळे खूष. इमारत आणि संगीत यांचं लग्न लागलं म्हणून हे उदाहरण जिथे तिथे. मग १९९४ मध्ये क्रेग राइटने सांगितलं की कॅथेड्रलची मापं तशी बसतच नाहीत, हे प्रमाण बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराचं आहे. ६० हात लांब, त्यातला पुढचा भाग ४०, आतला गाभारा २०, उंची ३०. म्हणजे वीस वर्षं लोक चुकीच्या इमारतीकडे बघत होते आणि रचना ऐकून कोणालाच फरक कळला नाही!!

नौपाडाकर:

म्हणजे माझंच म्हणणं झालं. फक्त मी फुकट सांगितलं.

सिव्हिलवाला_नेरूळ:

उलटं पण झालंय. झेनाकिस म्हणून इंजिनिअर होता, ले कॉर्बुझिएच्या ऑफिसात नोकरीला, ते चंदीगडवाले कॉर्बुझिए. त्याने १९५४ च्या सुमारास ऑर्केस्ट्रासाठी रचना केली त्यात एकसष्ट वादक आणि तंतुवाद्यांचे सूर सरकत जातात, आपल्या मींडेसारखे पण प्रत्येकाचा वेग वेगळा. ग्राफपेपरवर काढलं की नुसत्या तिरक्या सरळ रेषा, आणि सगळ्या मिळून वक्र पृष्ठभाग दिसतो. मग १९५८ च्या ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचं पॅव्हिलियन करायला घेतलं तेव्हा त्याने तीच भूमिती काँक्रीटमध्ये आणली. म्हणजे आधी गाणं, मग इमारत. इमारत प्रदर्शन संपल्यावर पाडली, गाणं अजून वाजतंय. आमच्या धंद्याला हे असं ऐकून जरा लागतं.

पण मला ताईंना वेगळंच विचारायचंय. तुम्ही सगळं डोळ्याने केलंत. कान कुठेय? गाभाऱ्यात गेलात तेव्हा काय ऐकू आलं?

मंद्रसप्तक:

... हे मला सहा महिन्यात कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःला पण नाही. थांबा. शनिवारी परत जाते.

पडद्यामागची_व्हायोलिन:

तोपर्यंत मी एक सांगू? मी स्टुडिओत सेशन वाजवते, सिनेमा, जाहिराती, सगळं. ताईंनी मला स्कोअर पाठवला होता तो बघितला. दोन तक्रारी.

एक, शंकराचं देऊळ म्हणून भैरव राग. अहो पुरणपोळी म्हणून कटाची आमटी इतकं ठरलेलं झालं हे. चालेल, पण भैरवचा रिषभ आणि धैवत आंदोलित, म्हणजे हळू झुलता असतो, ते तुम्ही नोटेशनमध्ये नागमोडी रेघ काढून लिहिलंय. तशी रेघ दिसली की आमच्यातले अर्धे ट्रिल (दोन सुरांची भराभर अदलाबदल) वाजवतात आणि अर्धे व्हायब्रेटो (सुराची थरथर). समोर बसून गाऊन दाखवावं लागतं, आणि बारा व्हायोलिन असतील तर बारा जणांचं आंदोलन एका वेगात येत नाही, मग सूर नुसता गढूळ होतो. एकालाच द्या ते, बाकीच्यांनी षड्ज धरा.

दोन, सलग चव्वेचाळीस बार (तालाचे खंड) श्वास घ्यायला जागा न ठेवता ओबो या फुंकवाद्याला दिलेत. सँपलला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्ड केलेल्या सुराला, फुफ्फुस नसतं. माणसाला असतं. 😅

तिहाईवाला:

हे भारी होतं. आणि आपल्याकडे वाद्यवृंद नवीन नाहीच की. अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहरला १९१८ च्या आसपास अनाथ मुलांना शिकवून बँड उभा केला, त्यात नलतरंग म्हणून वाद्य होतं ते बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ चा, पहिले संचालक पं. रविशंकर. त्यामुळे राग आणि ऑर्केस्ट्रा जमतच नाही म्हणणाऱ्यांनी जरा थांबा.

पडद्यामागची_व्हायोलिन:

जमत नाही कुठे म्हटलं. बसून गाऊन दाखवा म्हटलं. खाँसाहेबांनी पण तेच केलं असणार, ईमेलने पीडीएफ नाही पाठवली.

मंद्रसप्तक:

जाऊन आले. लिहिते आता, लांबेल.

सकाळी नऊला पोचले, स्टेशनवरून पूर्वेला रिक्षा. या वेळी वही नाही नेली, टेप नाही, काही नाही. देवळाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी समोरची बाजू सावलीत होती. आधी मंडपात उभी राहिले. मधे चार कोरीव खांब आणि त्यावर छत, दगडाची एकेक कडी थोडी थोडी आत सरकवत नेलेली, कमान नाही काही नाही. तिथे बाहेरचा सगळा आवाज येतो, रिक्षा, फुलवाल्या, कोणाचं तरी बाळ रडत होतं, पण सगळ्याला एक गोलाई येते.

मग गाभारा. तो खाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. मी माझ्या पीसमध्ये इथे काय केलं होतं माहितीये, वीस सूर खाली उतरणारे. सिनेमात तळघरात भूत असतं तेव्हा वाजतं तसं. लाज वाटली. कारण खरं उतरताना सूर खाली जात नाहीच. काय होतं तर आवाजातला वरचा भाग कापला जातो. दोन पायऱ्यांनंतर रिक्षाच्या हॉर्नची धार गेली. अजून दोनतीन उतरले तर बायकांचं बोलणं नुसता हुंकार झालं, शब्द नाहीत. खाली पोचेपर्यंत माझ्या कानात एक जाड घूं एवढंच राहिलं होतं, आणि कुठेतरी पाण्याचा थेंब.

आणि मग वर बघितलं तर आभाळ! शिखर वर आज पुरं नाहीये, गाभारा उघडा आहे, लहानपणी हे कोणी मला दाखवलंच नव्हतं. तुम्ही त्या काळ्या चौकोनी विहिरीच्या तळाशी उभे, आणि वर लख्ख पांढरा तुकडा. एक घार गेली. मधे काही नाही. खाली घूं, वर घार, आणि मधलं सगळं रिकामं.

हळूच षड्ज लावून बघितला, पुजारीबुवा बघायला लागले म्हणून गप्प बसले. 😬

सिव्हिलवाला_नेरूळ:

ही झाली ना गोष्ट. ते घूं उगाच नाही. समोरासमोर दोन दगडी भिंती असल्या की त्यांच्यामधल्या अंतरावरून एक सूर ठरतो जो ती खोली फुगवते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समजा भिंतीत चार मीटर अंतर आहे (हे गणितापुरतं, देवळाचं माप म्हणून धरू नका), तर ३४५ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला सूर. डबल बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते. म्हणजे अशी खोली हे डबल बासच्या घराण्यातलंच वाद्य झालं. पुरुषाने खर्ज लावला तर दुप्पट, ८६ ला, परत खोली साथ देते. बाईच्या आवाजात तेवढं नाही होणार म्हणून तुम्हाला कमी जाणवलं असेल.

आणि वर उघडं असल्यामुळे वर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून घुमटासारखा लांबलचक घुमारा मिळत नाही. घूं आहे पण शेपूट नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅथेड्रलवाला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावला असेल तर आधी तो काढा.

मंद्रसप्तक:

लावलाय. 🙈 'लार्ज कॅथेड्रल' नावाचाच प्रीसेट आहे. काढते.

काळापाषाण:

रिव्हर्बवर सिव्हिलवाल्यांशी सहमत. आणि आता तुझ्याकडे रचना आहे बघ. देवळात आपण आधी बाहेरून फिरतो, मग मंडप, मग उतरतो. या क्रमाने चाललीस तर आकडे आपोआप मागे राहतात. शिखर बाहेरून बघताना भरगच्च आणि आतून बघितलं तर नाहीच, हा विरोध तर फुकट मिळालाय.

मंद्रसप्तक:

हो तसंच करतेय. तीन आठवड्यात जवळपास सगळं फाडून परत लिहिलं. सुरुवात गजथर, चेलो आणि बसून (bassoon, खर्जातलं फुंकवाद्य), बत्तीसच्या बत्तीस ओळी हाताने वेगळ्या लिहिल्या, कुठे एक सूर गळलेला, कुठे शेवटची मात्रा झिजलेली, एका ओळीला तर मधेच तोंड नाही, नुसता विराम. मग तिहाईवाल्यांचं ठाय दुगुन चौगुन, हे अडीच मिनिटं वाढत वाढत जातं आणि शिखर दिसायला लागेल असं वाटतं तिथे मी तोडलंय आणि मंडपात आणलंय, चार हॉर्न.

मग पायऱ्या. इथे सूर एकही खाली सरकत नाही. तोच एक जमलेला स्वरसमूह धरून ठेवलाय आणि वरून एकेक वाद्य गळतं. आधी पिकोलो, मग ट्रँगल, मग बासऱ्या, मग पहिली व्हायोलिन, असं करत करत शेवटी दोन डबल बास उरतात. तेवढ्यात सगळ्यात वर एक व्हायोलिन, एकच, इतकं वर की सूर आहे की वारा ते कळू नये. भैरवचा रिषभ त्या एकटीला दिलाय. मधली सगळी वाद्यं गप्प बसून राहतात, चाळीसेक माणसं हातात वाद्य घेऊन काहीही करत नाहीत, सव्वादोन मिनिटं. तिथेच संपतं. समेवर नाही.

पडद्यामागची_व्हायोलिन:

चाळीस माणसांना सव्वादोन मिनिटं गप्प बसायचे पैसे देणारा निर्माता मला भेटला की कळवते. 😄 पण ती एकटी व्हायोलिन मी वाजवणार, आत्ताच सांगून ठेवते, माझ्याच घरी रेकॉर्ड करू. स्टुडिओ नको. मागे एकदा माझ्या हेडफोनमध्ये क्लिक (लय धरायची टिकटिक) इतका मोठा सोडला होता की हळू वाजवताना मला माझाच सूर ऐकू येईना, इथे तसं झालं तर सगळं मुसळ केरात.

चौथी_सीट:

एक शंका. समेवर नाही संपवलं तर लोकांना वाटेल फाइल कट झाली.

तिहाईवाला:

देऊळ बघून वाटतं का कट झालं म्हणून?

चौथी_सीट:

खरं सांगू, वाटतं 😅

मंद्रसप्तक:

मला पण वाटतं, आणि ते तसं वाटू दे असं ठरवलंय. एका ठिकाणी ऐकवला होता हा पीस, नाव नको, ते म्हणाले शेवटी ढोलताशा टाका, लोक उभे राहतील. मी म्हटलं लोक उभेच आहेत, खाली, गाभाऱ्यात. कळलं नाही त्यांना. असो. एमपीथ्री टाकलीये, व्हायोलिन अजून सँपलचीच आहे, ऐका आणि शिव्या घाला.

नौपाडाकर:

ऐकलं. तलावपाळीला फेरी मारता मारता मोबाईलवर. सुरुवातीचं ते हत्तींचं चांगलं झालंय, एक हत्ती खरंच लंगडतो. पण शेवट काय कळला नाही. नुसती एक बारीक शिट्टी, खाली काहीच नाही. दोन डबल बास म्हणालात ते कुठे गेले?

सिव्हिलवाला_नेरूळ:

काका मोबाईलच्या स्पीकरला ४० हर्ट्झ झेपत नाही हो, तो आवाज त्यातून बाहेरच पडत नाही. हेडफोन लावा, कानात घट्ट बसणारे.

नौपाडाकर:

नातवाचे घेतले. परत ऐकलं, या वेळी घरी, दिवे मालवून.

हं. खाली आहे खरं काहीतरी. ऐकू येतं म्हणण्यापेक्षा ते असतं. आणि ती शिट्टी लांब गेली, आधी इतकी लांब वाटत नव्हती. देऊळ दिसलं असं मी अजूनही म्हणणार नाही, मुलुंड चेकनाका मात्र नाही हे नक्की. अंबरनाथला ६७ सालानंतर गेलेलो नाही, तेव्हा आभाळ दिसल्याचं आठवत नाही, बहुधा वर बघितलंच नसेल. येत्या रविवारी जाऊन येतो.

चौथी_सीट:

काका रविवारी मेगाब्लॉक आहे, बघून निघा.